ग्वाटेमालाला जाणाऱ्या मुलीसाठी सूचना

हॅमिल्टन,
न्यूझीलंड,
२ फेब्रुवारी २०२५

अण्णा, जयभीम.

फोनच करणार होते, पण मागच्या वेळी मी पंधरा मिनिटं बोलत होते आणि तुम्ही पलीकडून "ऐकू येत नाही, पण मुद्दा असा की" म्हणत स्वतःच बोलत राहिलात. म्हणून पत्र. खरं सांगू का, ऐकायला तुम्हाला पूर्वीही फारसं यायचं नाही. आता डॉक्टरचं सर्टिफिकेट आहे, एवढंच.

बातमी अशी. इथल्या 'ते रापा' भागातल्या आमच्या कारखान्यातून दूध पावडर बाहेर जाते, ती घेणारी एक कंपनी ग्वाटेमाला सिटीत आहे. त्यांच्या लॅबमधल्या मुलींना जंतू मोजायची आपली पद्धत शिकवायला कोणीतरी तीन आठवडे जायचं आहे, आणि ते कोणीतरी म्हणजे मी. दहा मार्चला निघायचं. शहराचं नाव ऐकलं तेव्हा मॅनेजरला मी ते पुन्हा सांगायला लावलं. तिला वाटलं मी घाबरले. म्हणाली, सरकारने त्या देशापुढे धोक्याचा शेरा मारलाय खरा, पण हॉटेल चांगलं आहे. मी हो म्हणून आले.

आई गेल्यापासून आपल्या घरात ते शहर पाहिलेलं एकच माणूस उरलंय. तेव्हा कुठे राहायचं, कशातून फिरायचं, काय टाळायचं ते लिहून पाठवा. भाषण नको अण्णा, यादी हवी.

बरोबर खायचं काही नेणार नाही, हे आधीच सांगते. तिथे मिळेल ते खाईन.

सुगतला मेसेज केला होता. त्याने अंगठा पाठवला. भाऊ-बहिणीचं आमचं हल्ली तेवढंच चालतं.

तुमची अक्षता


जॉन्सनव्हिल,
९ फेब्रुवारी

अक्षता, सप्रेम जयभीम.

यादी मागितलीस, यादी देतो. आकडे घालणार नाही. पाचवा मुद्दा आला की ऐकणारा पहिला विसरतो, हा पन्नास वर्षांच्या व्याख्यानांचा अनुभव आहे.

शहर झोनमध्ये वाटलेलं आहे. तुझं हॉटेल झोन दहा किंवा चौदामध्ये असेल तर बरं. दूतावास, मोठी दुकानं, दारोदारी बंदूकधारी पहारेकरी, असा तो भाग. झोन एक म्हणजे जुनं शहर. मोठा चौक, कॅथीड्रल, बाजार, ते सगळं दिवसाउजेडी पाहा, बरोबर तिथलं माणूस घे आणि ऊन उतरायच्या आत परत ये. पत्ता सांगताना झोनचा आकडा आधी सांगायचा. एकाच नंबरची गल्ली अनेक झोनमध्ये असते. आकड्यात चुकलीस तर भलतीकडेच उतरशील.

रस्त्यावर हात करून टॅक्सी थांबवू नको. हॉटेलला सांगून मागव किंवा ॲपवरून, आणि नंबर जुळल्याशिवाय दार उघडू नको. जुन्या लाल सिटी बसमध्ये पाय ठेवायचा नाही. त्यांच्या ड्रायव्हरांकडून टोळ्या खंडणी घेतात, न देणाऱ्याला भर रस्त्यात मारतात. फुटपाथवर फोन बाहेर काढू नको. मोटरसायकलवर दोघे जण हळू होत जवळ आले तर दुकानात शिर. आणि कोणी हत्यार दाखवलंच, तर मागेल ते देऊन मोकळी हो. तिथे तत्त्व काढायचं नाही. हे मी लिहितोय, याची नोंद घे.

पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत, झेरॉक्स पर्समध्ये. गळ्यात-कानात सोनं नको. लहान मुलांचे फोटो काढू नको, त्यांना खाऊ देऊ नको. परके लोक मुलं पळवतात अशी अफवा तिथे उठते आणि बघता बघता जमाव जमतो. लॉस एंजेलिसला नुसतं विमान बदलायचं असलं तरी ईस्टा हा तिथला ऑनलाइन परवाना काढावा लागतो. पाणी सीलबंद बाटलीचंच. आपला न्यूझीलंडचा दूतावास तिथे नाही, तो मेक्सिको सिटीला. म्हणून विम्याचा चोवीस तासांचा नंबर कागदावर लिहून उशीखाली ठेव. बरं वाटेनासं झालं तर पहिल्या दिवशी, पहिल्या तासाला फोन कर. उद्या बघू म्हणू नको. बरोबरच्या माणसाला काम आहे म्हणून त्याला पाठवून देऊन एकटी खोलीत पडून राहू नको.

दात घासायलाही बाटलीचं पाणी घे. बर्फ नको.

आता यादीबाहेरचं थोडं. या सगळ्या सूचना हॉटेलच्या खिडकीतून लिहिलेल्या असतात. सुरक्षित भाग म्हणजे ज्यांना पहारेकरी परवडतात त्यांचा भाग. ज्या वस्तीत जाऊ नये म्हणतात तिथून हजारो माणसं रोज सकाळी डबा घेऊन कामाला निघतात. बसचा ड्रायव्हर मरतो, आणि शेरा मात्र पर्यटकाच्या काळजीपोटी मारला जातो. २०१९ च्या मार्चमध्ये परिषदेसाठी आम्ही तिथे असताना आमच्या अंगाला कोणी बोट लावलं नाही. गोळ्या चालल्या त्या इथे, जगातल्या या सुरक्षित देशात, ख्राइस्टचर्चला, नमाज पढणाऱ्यांवर. आम्ही न्यूझीलंडचे हे कळल्यावर खोली झाडणारी बाई तुझ्या आईचा हात हातात घेऊन उभी राहिली होती. तेव्हा सूचना पाळ, पण सूचनेच्या डोळ्यांनी माणसाकडे बघू नको.

आणि धपाटे ने. तुझ्या हातचे. त्यांना काही होत नाही.

पाण्याचं विसरू नको.

अण्णा


हॅमिल्टन,
१८ फेब्रुवारी

अण्णा, जयभीम.

यादी फ्रिजवर लावली आहे. पाण्याचं तीनदा लिहिलंत. तुमची मुलगी वीस वर्षं जंतूंच्या लॅबमध्ये आहे हे विसरलात की काय.

पण धपाट्यांचं वाचून पत्र खाली ठेवलं. तुम्ही माझी समजूत घालायला लिहिलंत, हे कळलं. समजूत घालू नका. सहा वर्षांत आपण हा विषय काढला नाही, आज मी काढते.

तुम्ही निघायच्या आदल्या दिवशी मी तुमच्याकडे आले होते. ज्वारीचं पीठ न्यू लिनच्या भारतीय दुकानातून मागवलेलं, दही घरी लावलेलं. आई म्हणाली, एवढे कशाला गं, आम्ही काय पायी चाललोय. मी चोवीस बांधून दिले. तुम्ही परत आलात ते तिला व्हीलचेअरवर घेऊन. पोट बिघडलं, अंगातलं पाणी गेलं, किडन्या बसल्या. हॉस्पिटलमध्ये सुगतने डॉक्टरांना सांगितलं, घरून नेलेलं दह्यातलं काहीतरी खाल्लं होतं. मग बाहेर येऊन मला म्हणाला, "तू लॅबमध्ये कामाला आहेस ना?" एवढंच. पुढे सहा महिने तो माझ्याशी बोलला नाही. दोन वर्षं डायलिसिस. आईसमोर आम्ही कोणी त्या धपाट्यांचं नावही काढलं नाही. तिला वाईट वाटलं असतं.

तुम्हाला सांगितलेलं नाही ते आता सांगते. तेव्हा मी तसेच धपाटे पुन्हा केले. तीस तास पिशवीत ठेवले, ऊबेला. मग लॅबमध्ये कोणाला न सांगता तपासले. जंतूंच्या प्लेटवर काहीच उगवलं नाही. दही आंबट होतं, त्यात जंतू वाढायला नकोच होते. आनंद व्हायला हवा होता. पण मी स्वतःला म्हटलं, त्या दिवशीचं दही वेगळं असेल, त्या दिवशी माझे हात नीट धुतलेले नसतील. त्यानंतर परातीत ज्वारीचं पीठ घेतलेलं नाही.

तेव्हा खरं सांगा. आईने किती खाल्ले? तुम्ही खाल्ले का? आणि पोट कोणत्या दिवशी बिघडलं?

आणखी एक. दर एप्रिलला जयंतीच्या सभेत तुम्ही त्या टाक्याची गोष्ट सांगता. महाडचा दिवस होता, परक्या देशात बायका धुणं धूत होत्या त्या सार्वजनिक टाक्यावर तुम्ही एक ओंजळ पाणी प्यायलात. मला ती गोष्ट फार आवडते. वीस मार्चला मी त्याच शहरात असेन. मीही एक ओंजळ पिणार आहे. तुम्हाला काही झालं नाही, मग मला काय होणार? त्या सहलीतलं काहीतरी चांगलं आपल्या घरात राहू दे. टाक्याचा पत्ता कळवा.

अक्षता


जॉन्सनव्हिल,
२५ फेब्रुवारी

अक्षता, जयभीम.

ते पाणी पिऊ नको. लॅबमधली बाई असं लिहिते याचं मला नवल वाटतं. टाकं आता बुजवलंही असेल. पत्ता आठवत नाही. वय झालं.

जुने प्रश्न उगाळून आई परत येणार आहे का? तुझा तर दोष नव्हताच. प्रवासात कोणाला काय बाधेल, सांगता येत नाही.

तिथे संध्याकाळी गारवा असतो, शहर उंचावर आहे. एक स्वेटर ठेव. विम्याचे कागद नीट वाच. इथे यंदाच्या जयंतीची तयारी सुरू झाली आहे, हॉल मिळाला. सुगत माइकचं बघणार आहे.

अण्णा


हॅमिल्टन,
१ मार्च

अण्णा,

पत्ता आठवत नाही? भाषणात तुम्ही गल्लीचा नंबरसुद्धा सांगता.

तीन साधे प्रश्न विचारले होते. उत्तरात स्वेटर आला. नांदेडच्या सभांमध्ये पुढारी असं करायचे तेव्हा तुम्ही मागून उभे राहून ओरडायचात, "प्रश्नावर या." मी तुमच्या मांडीवर असायचे.

प्रश्नावर या. नाही आलात तर टाकं मी शोधून काढीन, आणि पाणी पिईन.

अक्षता


जॉन्सनव्हिल,
४ मार्च

अक्षता,

आईने दोन धपाटे खाल्ले, लॉस एंजेलिसच्या विमानतळावर. मी तिथेच सहा खाल्ले. उरलेले हॉटेलात पोचल्यावर दोन दिवसांत मीच संपवले. तिचं पोट बिघडलं एकवीस तारखेच्या दुपारी. त्याआधी आठवडाभर तुझ्या हातचं काही तिच्या पोटात गेलेलं नव्हतं.

वीस तारखेचं सांगतो. विद्यार्थी असताना मी ठरवलं होतं की महाडच्या दिवशी जिथे असेन तिथल्या सार्वजनिक पाण्याची एक ओंजळ प्यायची. नांदेडला गोदावरी, दिल्लीला स्टेशनवरचा नळ, इथे आल्यावर ओरिएंटल बेच्या किनाऱ्यावरचा नळ. एकही वर्ष चुकवलं नाही. पाण्याच्या हक्कावरच्या त्या परिषदेतल्या चार जणांना मी हे सांगितलं आणि त्यांना घेऊन टाक्यावर गेलो. आई बरोबर होती. मी प्यायलो. मग तिच्याकडे बघितलं.

ती म्हणाली, "अहो, माझ्याजवळ बाटली आहे. मी नुसता हात लावते."

मी म्हणालो, "ज्या पाण्यासाठी आपल्या माणसांनी काठ्या खाल्ल्या, ते समोर असताना तू विकतचं पिणार?"

त्या चौघांना मराठी येत नव्हतं. तरी मी ते सभेच्या आवाजात म्हणालो. ती पुढे झाली, ओंजळ भरली, प्यायली. पदराने तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघून हसली. भाषणात मी फक्त माझी ओंजळ सांगतो. तिची सांगत नाही.

दुसऱ्या दिवसापासून जुलाब. विम्याचा नंबर खिशात होता. ती म्हणाली, उद्या बघू. मला ते सोयीचं होतं, कारण तेवीसला माझं भाषण होतं. रक्तदाबाची गोळी ती विसरायची तर मी आठवण करून द्यायचो. डॉक्टरांनी नंतर सांगितलं, अंगात पाणी नसताना त्या गोळीने किडनीला आणखी मारलं. तेवीसला सकाळी टेबलावर पाण्याची सीलबंद बाटली ठेवली आणि गेलो. घागरी घेऊन मैलोन्‌मैल चालणाऱ्या बायकांवर मी त्या दिवशी बोललो. लोक उभे राहिले. पाच तासांनी परत आलो तर बाटली तशीच. तिच्या बोटांचा संधिवात मला वर्षानुवर्षं माहीत होता, पण बाटली ठेवताना आठवला नाही. ती म्हणाली, "झाकण निघालं नाही. नळाचं प्यायले थोडं."

सुगतचा फोन आला तेव्हा मी हॉटेलच्या कॉरिडॉरमध्ये होतो. तो ओरडत होता, काय खाल्लं तिने. माझ्या तोंडून निघालं, अक्षताचे धपाटे आंबले होते बहुतेक. मला वाटलं, घरी गेल्यावर दुरुस्त करू. मग तो डॉक्टरांशी बोलला, मग ते घरातलं सत्य झालं, आणि मग त्याला हात लावायची माझी हिंमत राहिली नाही. आयुष्यभर मी लोकांना सांगत आलो की अन्याय बघून गप्प बसणारा अन्यायात भागीदार असतो.

तुम्ही दोघांनी आईसमोर धपाट्यांचं नाव काढलं नाही, तिला जपलंत. तिने तुमच्यासमोर टाक्याचं नाव काढलं नाही, मला जपलं. तुझ्यावर आळ आलाय हे तिला कळलं असतं तर ती एक दिवस थांबली नसती. हे मला माहीत होतं, म्हणून मी तिला कळू दिलं नाही.

हे पत्र कुरियरने पाठवतो आहे. ते पाणी पिऊ नको, बाळ.

अण्णा


ग्वाटेमाला सिटी,
२३ मार्च

अण्णा,

पत्र मला निघायच्या तीन दिवस आधी मिळालं. उत्तर लिहायला बसले आणि प्रत्येक वेळी फाडलं. हे ईमेलने पाठवते, प्रिंट काढून घ्या.

वीस तारखेला टाक्यावर गेले. भाषणातला गल्लीचा नंबर बरोबर होता. लॅबमधली यसेनिया बरोबर होती. मधे मोठं टाकं, भोवती दगडी घासण्या, प्रत्येक बाईची जागा ठरलेली. वाडग्याने मधलं पाणी घेतात, साबणाचा हात त्यात कोणी बुडवत नाही. मला वाटलं होतं मी रडेन. एल्विरा म्हणून एक साठीची बाई चादरी पिळत होती. यसेनियाच्या मार्फत मी तिला विचारलं, हे पाणी तुम्ही पिता का. तिने मला वेडी समजून आधी पिळणं पुरं केलं. मग म्हणाली, बाई, हे धुण्याचं पाणी आहे, हे आमचं कुत्रंसुद्धा हुंगून सोडतं. प्यायला सगळी गल्ली मोठे बुधले विकत घेते, नाहीतर उकळते. मी म्हटलं, सहा वर्षांपूर्वी माझे वडील इथे प्यायले. तिने विचारलं, "मग त्यांना कोणी अडवलं कसं नाही? इथे बायका असतीलच की."

बायका होत्या ना अण्णा? भाषणात असतात. त्या काहीतरी म्हणाल्याही असतील. तुम्ही त्यांना विचारलं नाहीत. बायकांचं टाकं, बायकांचं पाणी, आणि त्याचा अर्थ काय हे ठरवून तुम्ही घरूनच निघाला होतात. चवदार तळ्याचं पाणी गावाचं प्यायचं पाणी होतं, आपल्याला तेवढं बंद होतं, म्हणून ती ओंजळ मोठी. इथे हात लावायला कोणाला बंदी नाही, आणि पिण्यासारखं कोणाला मिळत नाही. हा वेगळा अन्याय आहे. त्याच्यावर बोलला असतात तर मी पहिल्या रांगेत बसून टाळी वाजवली असती.

पाणी मी प्यायले नाही. निर्जंतुक बाटलीत घेतलं आणि लॅबमध्ये लावलं. आज प्लेट बघितली. मोजता येणार नाहीत इतक्या वसाहती. यसेनियाने विचारलं, नमुना कशाचा. मी म्हटलं, घरचा आहे.

तुमच्यावर राग येईल असं वाटलं होतं. त्याआधी दुसरंच झालं. विमानात मी दहा तास झोपले. किती वर्षांनी तशी झोप लागली ते मी मोजलं नाही. राग नंतर आला, आणि आता तो जात नाही.

मला पत्रात सांगितलंत. पण मला आतून अर्धं माहीतच होतं, प्लेट कोरी होती. सुगतला काही माहीत नाही. तो माझ्यावर अन्याय करतोय हेही त्याला माहीत नाही, आणि तो चांगला माणूस आहे. बंद पाकिटात सांगितलेलं खरं ही अजून तुमची खासगी मालमत्ता आहे. खोटं तुम्ही सभेत सांगत आलात. खरं कुठे सांगायचं ते मी तुम्हाला शिकवू नये.

अक्षता


जॉन्सनव्हिल,
१६ एप्रिल

अक्षता, जयभीम.

रविवारी सभा झाली. कम्युनिटी हॉल भरला होता, पोरं मागे पळत होती, चहाला नेहमीचा उशीर. सुगत माइकच्या बॉक्सपाशी बसला होता. एकाच घरात राहतो आम्ही, तेव्हा त्याला आधी घरी एकट्याला सांगावं असं आठवडाभर ठरवत होतो. रोज सकाळी तो कामाला जायचा आणि मी दारापर्यंत जाऊन परत यायचो. व्यासपीठावर उभं राहिल्याशिवाय मला खरं बोलता येत नाही, हे माझं दैन्य आहे. ते त्या दिवशी मला कळलं.

टाक्यापर्यंत नेहमीसारखा आलो. लोकांना गोष्ट पाठ आहे, त्यांचे हात टाळीसाठी वर येत होते. मग मी म्हणालो, माझ्यानंतर माझी बायको प्यायली. तिची इच्छा नव्हती. मी तिला सभेत बोलावं तसं बोललो. तिथून पुढचं सगळं सांगितलं. बाटली सांगितली. तुझे धपाटे, फोन, तुझं नाव, सगळं. मधेच पुढच्या रांगेतल्या एका बाईने शेजारणीला विचारलं, हे भाषणातच आहे ना. मला ते ऐकू आलं नाही, तिच्या ओठांवरून कळलं. मी म्हणालो, नाही ताई, हे भाषण नाही.

सुगतने माइक बंद केला नाही. मला वाटलं होतं करेल. आवाज फुटू नये म्हणून त्याने एकदा बटण सरकवलंसुद्धा, सवयीने.

संपल्यावर काही लोक उभे राहिले, काहींनी टाळ्या वाजवल्या. मला त्या नको होत्या. सुगतने खुर्च्या रचल्या, वायरी गुंडाळल्या, हॉलची किल्ली परत केली. घराच्या चढापर्यंत गाडी चालवली. मग गाडी कडेला घेतली, माझ्याकडे वळला आणि ओठ नीट हलवून बोलला, मला कळावं म्हणून.

"आठवड्यातून तीनदा मी आईला डायलिसिसला न्यायचो. तुम्ही पुढच्या सीटवर असायचात."

काल सकाळी त्याने माझ्या गोळ्या काढून ठेवल्या, पाण्याची बाटली ठेवली आणि तिचं झाकण आधीच उघडून ठेवलं होतं.

मी पुढच्या वर्षीपासून बोलणार नाही, असं मंडळाला कळवलं आहे. पन्नास वर्षं माणसं माझं ऐकत होती. ज्या माणसाने सगळ्यात जास्त ऐकलं, तिचं एक वाक्य मी ऐकलं असतं तर ती आज इथे बसून मला चहा कमी घ्या म्हणाली असती.

तू मला माफ केलंस का, एवढं कळव.

अण्णा


हॅमिल्टन,
२० एप्रिल

अण्णा, जयभीम.

सुगतचा फोन आला. तो "सॉरी, ताई" म्हणाला. तो लहानपणी ताई म्हणायचा, नंतर सोडलं होतं. पंचवीस तारखेच्या अँझॅक दिनाच्या सुट्टीत तो इकडे येतोय. त्याने विचारलं, अण्णांना आणू का. मी नको म्हणाले. आम्हाला दोघांना सहा वर्षांचं बोलायचं आहे, आणि तुम्ही असलात की बोलणं तुमचं होतं.

माफीचं विचारलंत. तुम्ही भर सभेत खरं सांगितलंत हे ऐकून मला अभिमान वाटला. तो वाटला म्हणून स्वतःचा रागही आला. मी तुमचीच मुलगी आहे, धाडसाचं कौतुक मला लगेच वाटतं. पण आईने तीन दिवस त्या खोलीत काढले त्याला धाडस म्हणायला तिथे कोणी नव्हतं. माफी अजून माझ्याजवळ नाही. असती तर लिहिली असती. नाही तर नाही म्हणते, खोटं लिहून पाठवत नाही.

बोलणार नाही असं मंडळाला कळवलंत. ते तुमचं तुम्ही ठरवा, पण शिक्षा म्हणून करू नका. लोकांना तुमच्याकडून काही मिळतं.

चौदा जूनला आईचा स्मृतिदिन आहे. मी येईन. दरवर्षी त्या दिवशी तुम्ही आईवर बोलता, आणि फार सुंदर बोलता. या वर्षी मी आणि सुगत बोलणार आहोत. आम्हाला तुमच्यासारखं येत नाही, अडखळू, कदाचित पुरंही होणार नाही. तुम्ही समोरच्या खुर्चीत बसा.

अक्षता